फाटकाबाहेरची बिडी

जिजा कुमरेचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घरात घड्याळ नव्हतं, तरी चारची वेळ ती चुकवत नसे. देवळी गावाच्या टोकाला, बाजाराच्या मागे तिची भाड्याची खोली होती. उठायची, चूल पेटवायची, तव्यावर भाकर टाकायची आणि चुलीतलं जळतं लाकूड थोडं बाहेर ओढून त्यावर दिवसाची पहिली बिडी शिलगवायची. काडी वाया घालवायची नाही. भाकर शेकून होईपर्यंत बिडी संपायची. मग गोळी, मग डबा, आणि सातच्या भोंग्याआधी कापसाच्या जिनाचं फाटक.

"चारलेच काऊन उठतं व तू?" असं मी तिला एकदा विचारलं होतं.

"ते पाचले उठतात भाऊ. त्याहिच्या आंधी माहं घरचं काम झालं पाह्यजे."

ते म्हणजे तिच्या कानातले आवाज. जिजाला स्किझोफ्रेनिया होता. हा शब्द मी पुढे वर्ध्याच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकला आणि त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतला. तोपर्यंत आमच्या जिनात या दुखण्याला एकच शब्द होता, पागल.

मी त्याच जिनात एकतीस हंगाम काम केलं. प्रेसवर होतो, सरकी काढलेल्या रुईच्या गाठी बांधायचो. माणूस कसा आहे हे मला त्याच्या बोलण्यावरून कधी कळलं नाही. त्याचं काम पाहिलं की कळायचं. म्हणून जिजाचं काम आधी सांगतो.

शेतातून आलेल्या कापसात कवडी असते. अर्धवट उमललेलं, पिवळं पडलेलं, किडीनं खाल्लेलं बोंड म्हणजे कवडी. ती चांगल्या कापसात गेली तर सगळी रुई डागाळते. म्हणून कापूस यंत्रावर जायच्या आधी बाया ओळीनं बसून हातानं कवडी वेचायच्या. समोर न वेचलेला ढीग, मागे वेचलेला. दिसायला सोपं काम आहे. पण दहा तास उकिडवं बसायचं, नाकातोंडात कापसाची धूळ, आणि डोळा एका ठिकाणी. बहुतेक बाया वरवरचं वेचायच्या. दुपारनंतर तर सगळ्याच. जिजा मूठभर कापूस उचलायची, दोन्ही हातांच्या बोटांनी फाकवायची आणि मगच मागे टाकायची. ती डोळ्यापेक्षा बोटांवर जास्त भरवसा ठेवायची. कवडी दबल्यावर चरचरते, असं ती म्हणायची. तिच्या ढिगात मी पाच वर्षं हात घालून पाहिला. पाच वाजताचा ढीगही सकाळच्या ढिगासारखाच निघायचा.

ती आमच्याकडे चौऱ्याहत्तरच्या हंगामात आली. तेव्हा तिशीची असेल. माहेर केळझरच्या पलीकडे, जंगलाला लागून. लग्न झालं, दोन वर्षांत आवाज सुरू झाले, नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं. भाऊ जंगलू याने देव केले, मंत्र केले, आणि शेवटी दूरच्या एका मोठ्या शहरातल्या पागलखान्यात नेऊन घातलं. तिथे ती अडीच वर्षं होती. बाहेर आली ती दोन गोष्टी घेऊन, गोळ्यांची चिठ्ठी आणि बिडी.

"तिथं सारेच ओढत होते," ती सांगायची. "बाया, माणसं, सारे. दिवसभर काय करता? भिताडाकडं पाह्यता. बिडी असली त तेवढा वेळ हाताले काम भेटते."

मी स्वतः बिडीला कधी हात लावला नाही. एक बिडी म्हणजे सात मिनिटं, असा माझा हिशेब होता. दिवसाला दहा बिड्या म्हणजे तासभराच्या वर काम बुडालं. मी तिला हे ऐकवलं.

"मंग माह्या ढिगात तासभराचं काम कमी दिसते काय?" तिनं विचारलं.

कमी दिसत नव्हतं.

जिनात बिडीचा नियम कडक असतो. आत कापूस आहे, ठिणगी पुरते. फाटकावर झडती व्हायची. बिडी, काडेपेटी, सगळं चौकीदाराजवळच्या डब्यात टाकायचं. दहाचा आणि दुपारचा भोंगा झाला की बाहेर जायचं, रस्ता ओलांडायचा, निंबाखाली ओढायची, विझवायची, हात झाडायचे आणि परत यायचं. जिजानं हा नियम कधी मोडला नाही. चौकीदार बायांची झडती घेत नसे, पदर झटकायला सांगायचा. जिजा पदर झटकायची, बटवा उलटा करायची आणि वर म्हणायची, "पाहून घे बापा. मांगून बोलू नको."

निंबाखाली हमाल, गाडीवान असे पंधरावीस पुरुष बसत. बिडी ओढणारी बाई ती एकटी. पहिल्या वर्षी ते हसले.

"काव जिजा, चिलीमबी आणू का तुह्यासाठी?"

"आण ना. पण भरून आण, रिकामी आणशीन त तुह्या घरवालीले सांगतो."

त्यानंतर हसणं थांबलं. पुढे तर कोणाची बिडी संपली की तो तिच्याकडे मागायचा. ती द्यायची. एकदा ती मला म्हणाली, "पागलजवळ बसाले कोणी येत नाई भाऊ. बिडी मांगाले कोणीबी येते. आन मांगाले आलेला मानूस दोन गोष्टी करूनच जाते." मी सात मिनिटं मोजत होतो. ती काय मोजत होती ते मला त्या दिवशी कळलं.

आवाजांचं ती मोकळेपणानं सांगायची.

"काय म्हणतात ते?"

"शिव्या देतात. आमच्या जंगलाकडल्या बोलीत. तुम्हाले समजल्या असत्या त तुम्हीबी बिडी ओढली असती."

"बिडीनं जातात का?"

"जात नाईत. दूर जाऊन बसतात. भिताडाच्या तिकडून बोलल्यासारखं. तेवढ्यात मी कवडी वेचून घेतो."

आता त्या वर्षाचं सांगतो. एकोणऐंशी साल, फेब्रुवारी. तालुक्यातल्या दुसऱ्या एका जिनात कापसाची गंजी पेटली. तीन दिवस जळत होती. कशानं पेटली ते कधी कळलं नाही. पण आमचे शेठ घाबरले. त्यांनी मुकादमाला बोलावून सांगितलं, लक्ष ठेवा. मुकादम नत्थूजी. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता. भित्र्या माणसाला लक्ष ठेवायला सांगितलं की तो सगळ्यात एकटं कोण आहे ते पाहतो.

दुसऱ्या दिवशी भोंग्याआधी त्यानं जिजाला फाटकावर अडवलं.

"जिजाबाई, बिडी सोडा लागते तुले."

"मी फाटकाबाहेर ओढतो मुकादम."

"बाहेरबी नाई. डोक्याचं दुखणं असलेलं मानूस, आन हातात इस्तो. कधी इसरशीन, सांगता येते का?"

"पाच वर्सांत इसरली का?"

"मले ते मालूम नाई. बिडी नाईतर काम. दोनातलं एक."

जिजानं निंबाकडे बोट केलं. तिथे आठदहा जण धूर काढत बसले होते. "त्याहिची बिडी इझते, आन माहीच पेटते काय?"

"त्याहिचं डोकं ठिकाणावर हाय."

"त मंग माहा ढीग पाहा आन त्याहिचं काम पाहा. कोणाचं ठिकाणावर हाय ते समजते."

कोणी हसलं. नत्थूजीचा चेहरा उतरला, आणि मग तो हट्टाला पेटला. काम नाही म्हणाला. जिजा फाटकाबाहेर उभी राहिली.

इथे मी चूक केली. मी मध्ये पडलो. मला वाटलं, बिडी सुटली तर बरंच आहे. काम राहील, पैसे वाचतील, छाती वाचेल. मी नत्थूजीला म्हटलं, मी सोडवतो हिची बिडी, माझी जबाबदारी. जिजाला बाजूला घेऊन म्हटलं, "काम गेलं त जंगलू तुले परत तिथं नेऊन टाकते. पाहून घे." तिला ते माहीत होतंच. हाताला काम आहे तोवर ती देवळीत मोकळी होती. काम गेलं की भावाच्या ओसरीवर, आणि तिथून पुन्हा पागलखान्यात. भाऊ दुष्ट नव्हता. त्याच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

तिनं कमरेचा बिडीचा कट्टा काढून माझ्या हातात दिला. "घ्या," म्हणाली. "पण हे तुमच्या डोक्यावर."

मी कट्टा घरी नेऊन फळीवर ठेवला. मला वाटलं, मोठं काम केलं.

पहिले तीन दिवस ती चिडचिडी होती. शेजारी बसणाऱ्या कोकिळाला तिनं दोनदा टोपलं फेकून मारलं. ते मला चाललं. सवय सुटताना असंच होतं, मी म्हटलं. आठवड्यानं ती शांत झाली. भांडण नाही, बोलणं नाही, मुकादमाला टोमणा नाही. नत्थूजी खूश. "पाहा, बिडीच होती सारी. सुटली आन बाई सुधरली." जिनात सगळे तेच म्हणू लागले. मीही मान हलवली.

मग तिसऱ्या आठवड्यात मी तिच्या ढिगात हात घातला.

मागच्या ढिगात कवडी होती. एक नाही, मुठीत तीन-चार. न वेचलेला ढीग समोर तसाच. मी तिच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर, बोटं आकडल्यासारखी. मूठ उचलायची तर हात मध्येच थांबायचा. मान एका बाजूला. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. पाय जागच्या जागी हलत होते, थांबत नव्हते.

"जिजा, काय झालं व?"

तिला बोलायलाही वेळ लागला. "हात... आयकत नाई."

"आवाज?"

"हायेत. मीच नाई."

पाच वर्षं जी बाई दहा तास बोटं चालवत होती तिला आम्ही बसल्या जागी लाकूड केलं होतं, आणि त्याला सुधारणा म्हणत होतो. कशानं, ते मला कळत नव्हतं. पण काम खोटं बोलत नाही. काम बिघडलं म्हणजे माणूस बिघडलं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

त्याच दिवशी दुपारी जंगलू आला. कोणीतरी निरोप धाडला होता. डोक्याला पांढरा फडका, हातात तिच्यासाठी आणलेली मोहाची फुलं. बहिणीकडे पाहिलं आणि फुलं खाली ठेवली.

"पुन्हा बिघडली," तो म्हणाला. "उद्या घेऊन जातो. तिथंच ठेवा लागते आता."

नत्थूजी म्हणाला, "घेऊन जा बावा. आमच्याकडून झालं तेवढं केलं."

मी म्हटलं, "उद्या नाई. उद्या मी हिले वर्ध्याले नेतो. परवा तुमचा अधिकार."

प्रेसवर एका दिवसाचा खाडा मी त्या एकतीस वर्षांत चार वेळा केला. त्यातला तो एक.

सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं वर्ध्याला गेलो. तिची गोळी चालू होती त्या डॉक्टरांकडे रांग लावली. तरुण होते, चष्मा, बोलणं हळू. त्यांनी तिचा हात कोपरात वाकवून पाहिला. यंत्राचं दातेरी चाक अडत अडत फिरावं तसा तो वाकत होता.

"गोळी वाढवली का कोणी?"

"नाही."

"दुसरं काही औषध?"

"नाही."

"काही बदललं? खाणं, झोप, तंबाखू?"

मी म्हटलं, "बिडी सोडवली. तीन आठवडे झाले. चांगलीच गोष्ट झाली ना?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोणी सोडवली?"

"मी."

ते रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. बिडीचा धूर अंगात गेला की शरीर ही गोळी लवकर खर्च करतं. तिची गोळी बिडी ओढणाऱ्या बाईच्या मापानं ठरली होती. बिडी थांबली, खर्च कमी झाला, गोळी तेवढीच राहिली. रोजची गोळी अंगात साचत गेली आणि तिच्यासाठी जास्त झाली. दुखणं वाढलेलं नव्हतं. औषध वाढलं होतं.

"म्हणून हे लोक बिड्या ओढतात का?" मी विचारलं.

"तेही एक असेल. गोळीनं अंग जड होतं, आकडतं, बिडीनं थोडं सुटतं, असं बरेच जण सांगतात. कोणी म्हणतं डोकं जागेवर येतं. कोणाला दुसरा विरंगुळाच नसतो. पुरतं कारण मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं मी सांगणार नाही." मग ते जिजाकडे वळले. माझ्याशी नाही, जंगलूशी नाही, तिच्याशी बोलले. "बाई, दोन रस्ते आहेत. बिडी सोडायची असेल तर गोळी कमी करतो. ओढायची असेल तर हे आकडणं उतरल्यावर पहिलीच गोळी चालू ठेवतो. पण बिडीनं छाती खराब होते. ते तुमच्यापासून लपवणार नाही. एक मात्र करायचं नाही. मला न सांगता सोडायची नाही, आणि सोडल्यावर न सांगता धरायची नाही. ठरवा."

जंगलू म्हणाला, "ती काय ठरवते साहेब? तुम्हीच सांगा."

जिजा हळूहळू बोलली. एकेक शब्द तोंडातून ओढून काढावा लागत होता. "कोण म्हणते... नाई ठरवत? ओढीन मी. बिडी. मोजून सा."

डॉक्टर म्हणाले, "सहा? आधी किती होत्या?"

"दहा."

"मग सहा," ते म्हणाले, आणि आपल्या वहीत तसं लिहिलं. आकडण्यावरची एक वेगळी गोळी दिली, जुनी काही दिवस कमी केली, आणि माझ्या सांगण्यावरून वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं की ही बाई काम करू शकते.

बारा दिवस ती खोलीत होती. जंगलू थांबला, त्यानं भाकरी केल्या, जाडजूड. तेराव्या दिवशी सकाळी पावणेसातला जिजा जिनासमोर आली. फाटकाकडे गेली नाही. निंबाखाली, पुरुषांच्या मधोमध बसली, बटव्यातून बिडी काढली आणि नत्थूजीच्या डोळ्यांसमोर पेटवली. घाई केली नाही. पूर्ण ओढली. थोटूक मातीत घासलं, वर पाणी टाकलं, हात धुतले. काडेपेटी चौकीदाराच्या डब्यात टाकली. पदर झटकला, बटवा उलटा केला, आणि मुकादमासमोर चिठ्ठी धरली.

नत्थूजीनं चिठ्ठी वाचली. "याच्यात काम करू शकते लिवलं हाय. बिडीचं काई नाई."

"तुमच्या बिडीची चिठ्ठी कोणं देल्ली मुकादम? मलेबी दाखवा."

हमाल मोठ्यानं हसले. नत्थूजी स्वतः दिवसाला कट्टाभर ओढायचा, त्याच निंबाखाली.

"हसू नका रे," तो म्हणाला. "आग लागली त शेठले जवाब मी देतो."

मी पुढे झालो. "बिडी सोडवतो म्हणून जबाबदारी मी घेतली होती. ते चुकलं माहं. आता हिच्या कामाची घेतो. आतमंदी हिच्याजवळ काडी सापडली त माहाही हिशेब करून टाका. पण मंग हाच नियम साऱ्याहिले लावा. निंबाखाली बसतात त्या साऱ्याहिले."

हमालांचं हसणं बंद झालं. यंत्रं चालायची होती. नियम सगळ्यांना लागला तर सकाळी गाठी कोण उचलणार, हा विचार मला नत्थूजीच्या चेहऱ्यावर दिसला. तेवढ्यात ओळीत बसलेली कोकिळा आतून ओरडली, "अवो मुकादम, येऊ द्या तिले! तिच्या वाटचं आम्हाले वेचा लागून राह्यलं!"

भोंगा झाला. नत्थूजी बाजूला सरला. "जाय," म्हणाला. "पण माही नजर हाय."

"ठेवा ना," जिजा म्हणाली. "नजर ठेवाल त वेचणं शिकाल."

त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या मागच्या ढिगात हात घातला. वेग अजून अर्धा होता. कवडी एकही नव्हती.

तिनं पुढे नऊ हंगाम काढले. सहा बिड्या म्हणजे सहाच. सातवी मागणाऱ्याला ती नाही म्हणायची, स्वतःलाही. आवाज गेले नाहीत. दोनदा फार बिघडली, दोन्ही वेळा स्वतः एसटीत बसून वर्ध्याला गेली आणि परत आली. पागलखान्यात पुन्हा गेली नाही. छाती मात्र खराब झाली, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशीच. खोकला लागला. मी एकदा बोललो तेव्हा म्हणाली, "मालूम हाय. हे म्या घेतलं हाय भाऊ, कोणी माह्यावर टाकलं नाई." बिडी चांगली, असं मी आजही म्हणत नाही. पण आरामात बसलेल्या माणसानं तिच्याकडे पाहून नाक मुरडलं तर मला राग येतो. त्यानं आधी दहा तास कवडी वेचून दाखवावी, कानात शिव्या चालू असताना.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तिनं वस्तीच्या कडेला जागेचा तुकडा घेतला आणि एक खोली बांधली. विटांच्या भिंती, वर टिनं. जंगलूनं छपरासाठी लाकडाच्या बल्ल्या आणल्या. मी विटा वाहिल्या, त्याची मजुरी घेतली नाही. ती त्यावरून माझ्याशी भांडली. शेवटी दार बसवायला पुलगावचा सुतार आला. सागाचं दार, चांगला रंधा मारलेलं. त्यानं सवयीनं बाहेरून कडी-कोयंडा ठोकला.

"हे काढ," जिजा म्हणाली. "कडी आतून लाव."

"आतून लावतोच बाई. पण बाहेरून नको? कुलूप कशाले लावशीन?"

"बाहेरून काईच नको."

"अवो, तू कामाले गेली त चोर येईन."

"येऊ दे. मडकी नेते का? मी घरात असताना बाहेरून कोणाले दार लावता आलं नाई पाह्यजे. बस."

सुतारानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तिचं दार आहे, तिला विचार. त्यानं कोयंडा उपटला, भोकं लाकडाच्या चुरीनं भरली, आणि कडी आतल्या बाजूनं बसवली. दार, कडी, ठोकायची आणि उपटायची मजुरी, सगळं जिजानं दिलं, बारा हंगामांच्या कमाईतून. मग आत गेली आणि कडी लावून पाहिली.